हळवे सुकाणू

'संवेदनशील' हा शब्द मी गेली वीस वर्षे फळ्यासमोर उभा राहून उधळीत आलो आहे. अमुक कवी संवेदनशील, तमुक कथालेखिका तर अतिशयच संवेदनशील! मुलांनाही हे आता ठाऊक झाले आहे. उत्तरपत्रिकेत काहीच सुचेनासे झाले, की ती बिनदिक्कत लिहून मोकळी होतात, 'कवी मुळातच संवेदनशील आहे'. आणि मीही मुकाट्याने अर्धा गुण देऊन टाकतो. पण हाच शब्द एखाद्या दुखण्याचे नाव म्हणूनही वापरता येतो, हे मला गेल्या दिवाळीत कळले. आणि तेही कोणा कवीमुळे नव्हे, तर माझ्या मोटारीमुळे!

एरवी या सदरात मी शब्दांच्या कुळकथा सांगतो. दिवाळीच्या फराळाबरोबर एक मोटारीची कथा सांगितली, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. शिवाय शब्दांची खोड काही सुटत नाहीच. ज्याला सगळे जग स्टीअरिंग म्हणते, त्याला मराठीत आपण सुकाणू म्हणतो. हा शब्द अरबीतल्या 'सुक्कान'वरून आला. तारवांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला आणि तिथून देशावर चढला. समुद्राचे दर्शन ज्यांना जन्मात एकदा घडते, त्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांच्या हातीही तो सुखरूप पोचला. सुकाणू मात्र सुखरूप होतेच असे नाही.

आमची गाडी जुनी आहे. तिने पंधरा वर्षे पुरी केली, तेव्हा आरटीओच्या कचेरीत खेटे घालून मी तिच्यासाठी आणखी पाच वर्षांचे आयुष्य मागून आणले. तिचे नाव-गाव सांगत नाही; म्हातारपणी कोणाच्याही उणिवा चारचौघांत काढू नयेत. तिला पॉवर स्टीअरिंग आहे, आणि तेही जुन्या पद्धतीचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. जालन्याच्या गल्ल्यांतून ती मी एका हाताने वळवतो, आणि तसे वळवताना आपण फार कुशल आहोत असे मला वाटत असते.

गेल्या वर्षी आमच्या कन्येने मोटार चालवण्याचा परवाना मिळवला. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शिकली ती मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीवर. आमच्या गाडीवर पहिल्यांदा बसली, तेव्हा चौकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली,

"बाबा, आपलं स्टीअरिंग फार हलकं आहे. जरा हात लावला की गाडी उडीच मारते."

"गाडी उडी मारीत नाही," मी म्हणालो, "चालवणारा हात दचकतो."

वाक्य मला चांगले साधले असे वाटले. त्यानंतर तिने हीच तक्रार आणखी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा मी तिला हात हलका ठेवण्याचा उपदेश केला. मी तीच गाडी रोज चालवीत होतो आणि मला काही जाणवत नव्हते. मग दोष कोणाचा? ज्याला गाडी चालवून फार तर महिना झाला त्याचाच! वर्गातही आपला असाच न्याय असतो. धडा कळला नाही असे एकाच मुलाने म्हटले, तर धडा तपासायचा नसतो; त्या मुलाला तपासायचे असते.

धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही हसनाबादला निघालो. भोकरदन तालुक्यातले हे आमचे गाव. तिथे आई असते, थोरले काका असतात, आणि दिवाळी तिथेच साजरी करायची असा घरचा शिरस्ता आहे. राजूरपर्यंत गाडी मी आणली. गणपतीला हात जोडले. तिथून पुढचा रस्ता मोकळा असतो म्हणून सौ.ने शिफारस केली, आणि किल्ली कन्येच्या हाती गेली.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना शेते पांढरी फुललेली. गाडी पन्नाससाठच्या वेगाने चालली असेल. एवढ्यात बांधावरून एक शेळी रस्त्यावर आली. पोरीने सुकाणू किंचित डावीकडे घेतले, अगदी किंचित. मी शेजारी बसून पाहत होतो. पण गाडी किंचित गेली नाही. ती एकदम रस्त्याच्या कडेकडे झेपावली. तिने घाईने उजवीकडे ओढले, तर गाडी तितक्याच आवेशाने पलीकडे गेली, आणि समोरून कापसाने भरलेली ट्रॉली ओढीत ट्रॅक्टर येत होता. पुढचे क्षणभर काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याने बाजू दिली. आमची गाडी पुन्हा डावीकडे येऊन कडेच्या मुरुमात थांबली. शेळी केव्हाच पलीकडच्या बाभळीखाली पोचली होती.

कोणालाही खरचटले नाही. देवाची कृपा. पण त्यानंतर मी जे बोललो ते आठवले, की आजही मला लाज वाटते. घाबरलेला बाप आणि रागावलेला बाप यांच्या तोंडून सारखेच शब्द निघतात. "तुझ्या हातात गाडी द्यायलाच नको होती," हे त्यांतले सर्वांत सौम्य वाक्य. पोर काही बोलली नाही. तिने गाडी बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. हसनाबाद येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

त्या रात्री घरात पणत्या लागल्या, आईने केलेले अनारसे पुढे आले. पण कन्या आजीच्या कुशीत जाऊन बसली ती तिथेच. आई एवढेच म्हणाली, "लेकराचे हात अजून थरथर करायलेत रे." मला झोप आली नाही. मनात एक कण खुपत होता. सुकाणू किती वळले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तेवढ्या वळणाला गाडीने तसे करायला नको होते.

मास्तर माणसाला शंका आली, की तो वाचीत बसतो. मी फोन उघडून पॉवर स्टीअरिंगची कुळकथा वाचायला घेतली. अमेरिकेत पिअर्स-ॲरो या कंपनीत ट्रकांचे काम पाहणारा फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक इंजिनिअर होता. अवजड ट्रकचे सुकाणू फिरवताना चालकांचे दंड भरून येत. डेव्हिसने नोकरी सोडली आणि १९२६ साली तेलाच्या दाबाने चाके वळवणारी रचना गाडीवर बसवून दाखवली. पण ती सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लरने ती इंपीरियल गाडीवर विकायला काढली. विजेच्या मोटरने मदत करणारे सुकाणू आणखी पुढचे. ते १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या एका छोट्या गाडीत आले. आपल्याकडे मात्र ॲम्बॅसिडर आणि फियाट चालवणाऱ्या दोन पिढ्यांनी सुकाणू आपल्या खांद्यांनीच फिरवले. माझ्या सासऱ्यांचे दंड हा त्याचा सज्जड पुरावा आहे.

रचना मोठी मौजेची आहे. सुकाणूच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. आपण चाक फिरवले, की टायरांच्या विरोधामुळे तिला किंचित पीळ बसतो. तेवढ्या पिळाने एक झडप उघडते, पंपाने दाबलेले तेल योग्य बाजूला धावते आणि चाके वळवायला मदत करते. हात थांबला, की पीळ सुटतो आणि मदतही थांबते. गाडी उभी असताना मदत भरपूर हवी आणि वेगात असताना कमी हवी; म्हणून काही गाड्यांत वेग मोजून मदत आवरण्याची सोय केलेली असते. ती सोय बिघडली, तर काहींचे सुकाणू जड पडते, तर काहींचे भलतेच हलके.

पहाटेपर्यंत माझे निदान पक्के झाले. आमच्या गाडीचा पंप जास्त मदत करीत असला पाहिजे! मदतच फाजील झाली, की काम बिघडते, असे एक सुभाषितही मी मनात तयार करून ठेवले.

हसनाबादेत एक मिस्त्री आहेत. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, विहिरीवरचे इंजिन, सगळ्यांवर त्यांचा हात फिरतो. सगळे गाव त्यांना चाचा म्हणते. सकाळी मी गाडी त्यांच्या दारात नेली. थोरले काका काठी टेकीत बरोबर आले. आणि कन्या आपण होऊन आली नाही, तिला सौ.ने पाठवली. मी चाचांना माझे निदान सांगितले. त्यांनी ते अदबीने ऐकून घेतले.

"पंप बघू, सर. पंप कुठं पळून जात नाही. आधी सांगा, हे कधीपासून?"

"मला जाणवतच नाही," मी म्हणालो. "ही म्हणते."

चाचा माझ्याकडून वळले ते सरळ कन्येकडे. "बोल बेटी. कसं होतं?"

ती आधी माझ्याकडे पाहत, मग नीट सांगू लागली. सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहत नाही, सारखी थोडीथोडी सावरावी लागते. वळवली, की अपेक्षेपेक्षा आधी आणि जास्त वळते. वळण संपल्यावर सुकाणू आपण होऊन मागे यावे तसे येत नाही. वेग वाढला, की हे सगळे वाढते. शिकताना जी गाडी होती तिला असे काही नव्हते. चाचा मान डोलवीत होते. एवढे मुद्देसूद उत्तर मला वर्गात वर्षानुवर्षे मिळालेले नाही.

मग तपासणी सुरू झाली. आधी टायरांतली हवा. दाराच्या चौकटीवरच्या कागदावर जेवढी लिहिली होती, तिच्यापेक्षा पुढच्या दोन्ही चाकांत ती बरीच जास्त निघाली. हवा जास्त झाली, की टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि सुकाणू हलके पडते. चाचांनी ती उतरवली. पण "एवढ्यानं असं होत नाही" म्हणाले. नंतर इंजिन चालू करून, चाके सरळ ठेवून, त्यांनी सुकाणूवरचे हात काढले. झडपेत दोष असता, तर ते आपण होऊन एका बाजूला सरकले असते. ते जागचे हलले नाही. मग जॅक लावून पुढचे एकेक चाक उचलले. आडवे धरून हलवले, उभे धरून हलवले. कुठे खडखड नाही, ढिलाई नाही.

"आता तुमचा पंप," चाचा म्हणाले.

आमच्या गाडीत पंपाचा पट्टा वेगळा आहे. त्यावर दुसरे काही चालत नाही. (ज्यांच्या गाडीत एकच पट्टा सगळा संसार ओढतो, त्यांनी हा प्रयोग करू नये.) चाचांनी तो उतरवला. शाळेला दिवाळीची सुटी होती. मैदान रिकामे होते. तिथे त्यांनी कन्येला शेजारी बसवून गाडी सावकाश चालवली. सुकाणू लोखंडासारखे जड झाले होते. ते वळवताना म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पण गाडीची खोड तीच! जड हातानेही ती तशीच झेपावे आणि तशीच परतायला कुरकुरे.

"मदत बंद केली तरी दुखणं आहेच," चाचा उतरून म्हणाले. "म्हणजे दुखणं मदतीचं नाही. तुमचा पंप बेकसूर आहे, सर."

माझे रात्रभराचे वाचन आणि तयार सुभाषित, दोन्ही त्या मैदानात मातीला मिळाली. थोरल्या काकांना मात्र यात नवल वाटले नाही. ते म्हणाले, "बैल कासऱ्याला दचकाय लागला, तर आम्ही वेसण नाही बघत. आधी खूर बघतो."

चाचांनी खूरच पाहिले. पुढच्या टायरांवरून त्यांनी तळवा फिरवला आणि कन्येलाही फिरवायला लावला. बाहेरची कड चांगली होती; आतली घासून गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी गवंड्याची दोरी आणली. गाडीच्या दोन्ही अंगांना, गाडीला समांतर अशा दोन दोऱ्या चाकांच्या मध्याच्या उंचीवर ताणून बांधल्या आणि पोलादी पट्टीने दोरीपासून रिमचे अंतर मोजले, पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्यापेक्षा दोरीच्या सुमारे तीन-तीन मिलिमीटर जवळ होत्या.

"चाकं फेंगडी झालीत," चाचा म्हणाले.

अर्थ असा, की पुढची दोन्ही चाके एकमेकांना समांतर किंवा तोंडे किंचित आत वळवून चालायला हवीत. ती तोंडे बाहेर फाकून चालली होती. डावे चाक डावीकडे जाऊ पाहते, उजवे उजवीकडे. सरळ जाताना त्यांची ओढाताण बरोबरीत सुटते. पण चालकाने जरा कुठे कल दिला, की त्या बाजूचे चाक आधीच वळायला टपलेले असते. तीन मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डांची एक बारीकशी चळत! तेवढ्याने एक गाडी ट्रॅक्टरसमोर गेली होती.

"यांचे टायरॉड एंड कधी बदलले होते का?" चाचांनी विचारले.

मी पावत्या जपून ठेवणारा माणूस आहे. गाडीच्या खणातच त्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड बदलल्याची पावती सापडली. खाली एक ओळ होती: व्हील अलाइनमेंट, गिऱ्हाइकाने नको सांगितले.

अक्षर कारागिराचे होते, पण 'गिऱ्हाईक' मी होतो. मला तो दिवस आठवला. टायरॉड बदलला, की चाकांची मांडणी पुन्हा जुळवून घ्यावी लागते असे त्याने दोनदा सांगितले होते. मला तासाची घाई होती. आणि खरे सांगायचे, तर काही शे रुपये वाचवायचे होते. "सरळ चालतेय ना? मग राहू दे," असे म्हणून मी निघून आलो होतो.

आणि मला काही जाणवले कसे नाही, याचेही उत्तर त्याच पावतीत होते. सहा महिने रोज ती गाडी चालवून माझे हात तिच्या खोडीला सरावले होते. ती जेवढी झेपावायची, तेवढे मी आधीच आवरून घेत होतो, आणि आवरतो आहोत हेही मला कळत नव्हते. माझा वीस वर्षांचा अनुभव दोष झाकीत होता. तो उघडा पडला, तो नवशिक्या हाताला. घरातले सगळ्यांत अचूक यंत्र मी दम देऊन गप्प बसवले होते.

पावती मी कन्येच्या हातात दिली. तिने वाचली. मी म्हणालो, "चूक माझी होती. तू तीनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही. आणि रस्त्यात जे बोललो ते बोलायला नको होतं." असली वाक्ये बापाच्या तोंडून सहजी निघत नाहीत, मलाही ती अडखळतच आली. ती नुसती "हं" म्हणाली. पण दुपारी माझ्या ताटात न मागता करंजी वाढली गेली, आणि ती कोणी वाढली ते सौ.ने नजरेने सांगितले.

चाचांनी दोन्हीकडचे टायरॉड सारख्याच फेऱ्यांनी फिरवून, पुन्हा दोरीने मोजून, चाके सरळ केली आणि बजावले, "हे कामचलाऊ. जालन्याला गेल्यावर मशीनवर करून घ्या." हे मी निमूटपणे केले, मशीनवर किरकोळच फरक निघाला. टायर मात्र बदलावे लागले, आणि वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट गेले. पण तो हिशेब मी मांडीत नाही. आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे एका सेकंदात तेहेतीस मीटर. ते फेंगडे सुकाणू घेऊन, शेळीऐवजी ट्रक चुकवायची वेळ तिथे आली असती तर? हा विचार मनात आला, की करंजी घशात अडकते.

म्हणून वाचकहो, आपली जुनी गाडी एकाएकी हळवी झालेली वाटली, तर मदत करणाऱ्या पंपावर आणि चालवणाऱ्या हातावर आरोप ठेवण्याआधी हवा मोजा, टायरांच्या कडा पाहा, आणि मागे काय बदलले व काय 'राहू दे' म्हटले, ते आठवा. आणि घरातले कोणी नवखे माणूस काही सांगत असेल, तर ते पुरते ऐकून घ्या. माझ्यापुरते म्हणाल, तर आता उत्तरपत्रिकेत 'कवी संवेदनशील आहे' असे वाचले, की मी लाल शाईने समोर लिहितो, 'कशामुळे?' अर्धा गुण मात्र देतो. सवयी एकदम सुटत नाहीत.

भाऊबीज आटोपून आम्ही परत निघालो, तेव्हा किल्ली मी कन्येच्या हातावर ठेवली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि गाडी सुरू केली. त्या बाभळीजवळ आलो. रस्ता मोकळा होता. गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ गेली. मी अगदी शांत बसलो होतो, निदान माझी तशी समजूत होती.

"बाबा," समोर बघतच ती म्हणाली, "चाकं सरळ झालीत आता. तुमचा उजवा पाय अजून ब्रेक मारतोय."

मी खाली पाहिले. खरेच मारीत होता.